एक-शून्यचा बेसबॉल सामना पेन्सिल घेऊन कसा पाहावा

सामना संपला. आजूबाजूची माणसं उठली, टोप्या सारख्या करत जिन्याकडे निघाली, आणि मी मांडीवर कागद घेऊन दहाव्या इनिंगची वाट बघत बसून राहिले. माझ्या हिशोबाने ०–० झालं होतं. इनिंग म्हणजे तीन आऊट होईपर्यंतची दोन्ही संघांची एकेक पाळी; अशा नऊ होऊनही बरोबरी असेल तर दहावी. प्रत्यक्षात पाहुण्या संघाने सहाव्या इनिंगमध्येच एक धाव काढली होती आणि तेवढ्यावर सामना जिंकून ते एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मला वाटलं, बरोबरी राखली म्हणून खूश आहेत.

घडलं ते असं. सहावी इनिंग सुरू होताना मी उठून गेले. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे ही लांब रांग. मैदानातून आरडाओरडा काही ऐकू आला नाही, आणि येणार तरी कसा? धाव पाहुण्यांची, प्रेक्षक घरचे. परत आले तोवर पाहुण्यांची पाळी संपली होती. शेजारी आमचे हे टोपी तोंडावर ओढून झोपलेले. चौथ्या इनिंगनंतर ते असेच असतात. मग दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईने, म्हणजे मी, जे कुठल्याही कारकुनाला कधी माफ केलं नसतं ते केलं. 'तीन आले असतील, तीन गेले असतील' असं धरून तीन चौकोनांत तीन आऊट मांडून टाकले.

समोर धावफलकाची भलीमोठी पाटी होती. पण पाटीकडे न बघता आपल्या कार्डावरून सामना सांगायचा असा माझा तोरा होता.

परवा भाच्याचा निरोप आला, "मावशी, काल १–० झाला. तीन तास बसलो, काहीच झालं नाही." काहीच कसं नाही? पन्नासहून जास्त वेळा कुणीतरी कुणालातरी आऊट केलं, ते काय आपोआप? क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना धाव हीच घटना वाटते. बेसबॉलमध्ये, आणि त्यातही अशा ओढाताणीच्या सामन्यात, धाव न होणं ही घटना असते. ती दिसायला थोडी तयारी लागते. माझी पद्धत सांगते.

आधी कागद

स्कोअरकार्ड मैदानावर मिळतं, इंटरनेटवरून छापून नेलं तरी चालतं. प्रत्येक संघाला एक पान. डावीकडे एकाखाली एक नऊ बॅटरची नावं, वर आडव्या ओळीत १ ते ९ इनिंग. प्रत्येक चौकोनात पत्त्यांमधल्या चौकटसारखी बारीक आकृती असते, तेच मैदान. खालचा कोपरा होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ते 'घर', उजवा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. माणूस जिथवर पोचला तिथवर रेघ ओढायची. चारही बाजू पूर्ण झाल्या तर आकृती गडद भरायची, ती धाव. एक-शून्यच्या सामन्यात दोन्ही पानांवर मिळून अशी एकच आकृती भरलेली असते. बाकीच्या अर्धवट रेघांमध्ये खरा सामना असतो.

पेन नको, पेन्सिल घ्या, खोडरबरासकट.

क्षेत्ररक्षकांना आकडे असतात आणि ते पाठच करावे लागतात: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो पकडणारा) २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्या बेसवरचा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो, मग त्याला ५ का नाही, हा प्रश्न मीही विचारून थकले. शर्टावरच्या नंबरांशी या आकड्यांचा काही संबंध नाही. नव्या माणसाचा पहिला घोटाळा तिथेच होतो. शॉर्टस्टॉपने जमिनीवरचा चेंडू उचलून बॅटर पोचायच्या आत पहिल्या बेसवर टाकला की तो बाद, ६-३. त्याने दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले की ६-४-३. हे तीन आकडे लिहिताना मला अजूनही मजा वाटते.

तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) होऊन गेला तर इंग्रजी 'के' लिहायची रीत आहे. १९व्या शतकात हेन्री चॅडविक नावाचा न्यू यॉर्कचा पत्रकार होता, हिशोबाची ही बरीचशी भाषा त्याने घडवली. 'एस' हे अक्षर त्याने सॅक्रिफाइससाठी, म्हणजे स्वतः आऊट होऊन दुसऱ्याला पुढे सरकवण्यासाठी, वापरून टाकलं होतं, म्हणून 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. बॅट न फिरवता उभ्या उभ्या तिसरा स्ट्राइक झाला तर 'के' उलटा काढतात. मी सरळ 'क' लिहिते, आणि उलटा 'क' काही केल्या जमत नाही म्हणून त्याच्याखाली दोन रेघा मारते. मारण्याजोगा नसलेला चेंडू बॅटरने सोडला की तो बॉल; चार बॉल होऊन फुकट पहिल्या बेसवर चालत गेला त्याला 'चा'. तुमची खूण तुम्हाला कळली म्हणजे झालं.

कुठे बसायचं, हेही याच वेळी सांगते. खेळाडूंचे चेहरे दिसतील अशी खालची जागा फोटोसाठी ठीक. अटीतटीच्या सामन्याला होम प्लेटच्या मागची, पण वरची जागा घ्या. तिथून नऊच्या नऊ माणसं एका नजरेत येतात. सामना कमी धावांचा होईल हे आधी कसं कळणार? नक्की नाहीच कळत. पण दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे पिचर आधी जाहीर झालेले असतात. दोघेही नाणावलेले असतील आणि हवेत गारठा असेल तर मी दोन पेन्सिली घेते. गार हवा दाट असते, उंच मारलेला चेंडू तिच्यात कमी लांब जातो.

काउंट

या सगळ्यात एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. अमेरिकेत आधी बॉल सांगतात, मग स्ट्राइक. ३-१ म्हणजे तीन बॉल, एक स्ट्राइक.

चेंडू कुठून गेला हे बघण्याच्या फंदात पडू नका. पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, प्लेट १७ इंच रुंद, आणि ताशी ९५ मैलांचा चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात पोचतो. वरच्या रांगेत बसून "बॉल होता, बॉल होता" ओरडणाऱ्यांना काहीही दिसलेलं नसतं. दिसतो तो कॅचरचा ग्लोव्ह. चेंडू सुटण्याआधी तो कुठे मांडलाय आणि चेंडू आल्यावर किती हलला, एवढं बघा. जागेवरच थांबला तर पिचरचा हात बसलेला आहे. ग्लोव्ह वारंवार प्लेटच्या या टोकापासून त्या टोकाला धावायला लागला, तर पाटीवर शून्य असलं तरी त्या पिचरचं काही खरं नाही.

०-२ झालं की पिचर मालक. तो मुद्दाम बाहेरचा, खाली बुडणारा चेंडू टाकतो आणि बॅटरला त्याच्यामागे जायला लावतो. ३-१ ला बॅटर मालक. आता समोरून सरळ, वेगाचा चेंडू येण्याची शक्यता जास्त, कारण चौथा बॉल म्हणजे फुकट बेस. धावांच्या पावसात एक फुकट बेस कुणाच्या लक्षातही राहत नाही. ०–० ला सातव्या इनिंगमध्ये पहिलाच माणूस चालत गेला तर मात्र दोन्ही डगआउटमधली, म्हणजे संघांच्या बसायच्या जागांमधली, माणसं उठून कठड्याला येतात. तेव्हा मैदान सोडून तिकडे बघा.

माझ्या चौकोनाच्या कोपऱ्यात मी बॉलला टिंब आणि स्ट्राइकला आडवी रेघ मारते. इनिंगअखेर त्या खुणा मोजल्या की पिचरने किती मेहनत केली ते कळतं. तीन आऊट नऊ चेंडूंत झाले आणि तीन आऊट अठ्ठावीस चेंडूंत झाले, पाटीवर दोन्हीचं शून्यच.

आणखी एक, हे जाणकारांनाही सांगावं लागतं. दोन आऊट, काउंट ३-२ आणि पहिल्या बेसवर माणूस असेल, तर पिचरने हात उचलला की तो माणूस पळतोच. चेंडू हवेत उडाला तरी त्याचं नुकसान नाही, कारण झेल पकडला गेला तर इनिंगच संपली. त्या एका चेंडूला बॅटर सोडून पळणाऱ्याकडे बघा. फटका बसला तर त्याला मिळालेली ती दहा-बारा पावलंच धाव ठरतात.

पहिल्या बेसवरचा माणूस

दोन बेसमध्ये ९० फूट. बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पिचर टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठायला, चांगल्या पळणाऱ्याला साधारण ३.४ सेकंद लागतात. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचायला १.३ सेकंदाच्या आसपास, आणि कॅचरकडून दुसऱ्या बेसवर जायला सुमारे २. बेरीज करा. फरक एका दशांशाचा आहे, म्हणून सगळे एकमेकांची पावलं मोजत असतात.

२०२३ पासून हा हिशोब पळणाऱ्याच्या बाजूला झुकला. बेस १५ इंचांचे १८ इंची झाले. पिचरला घड्याळ लागलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, माणूस असेल तर तेव्हा २० आणि २०२४ पासून १८. शिवाय एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच पहिल्या बेसवर चेंडू फेकता येतो किंवा टाकायच्या जागेवरून पाय काढता येतो. तिसऱ्यांदा केलं आणि माणूस बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस बक्षीस. म्हणून पहिल्या बेसवर माणूस असताना बोटं मोजा. एक झालं, दोन झालं. आता बघा, बेस सोडून तो जितका पुढे उभा राहतो ती आघाडी कशी वीतभर वाढते ते.

१७ ऑक्टोबर २००४ ची रात्र या नियमाखाली कशी झाली असती, असा मला चाळा लागतो. बॉस्टनचं फेनवे पार्क, नववी इनिंग, रेड सॉक्स ३–४ मागे आणि मालिकेत तीन सामने हरलेले. यांकीजचा मारियानो रिव्हेरा पिचर. केव्हिन मिलार चालत गेला आणि त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो चोरी करणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. आज तिसरा फेकला असता आणि माणूस वाचला असता, तर दुसरा बेस रॉबर्ट्सला आयताच मिळाला असता. तेव्हा त्याला तो चोरावा लागला, आणि त्याने बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर चोरला, वीतभर फरकाने. बिल म्यूलरच्या फटक्यावर तो घरी आला, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, आणि त्या वर्षी बॉस्टनने १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. सामना कमी धावांचा नव्हता, पण चोरलेला एक बेस किती वजनाचा असतो हे समजायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

फटका न मारताही (फटका म्हणजे ज्यावर मारणारा सुखरूप बेसवर पोचतो तो) धाव होते हे मी रांगेत उभं राहून शिकले, पण त्याचा शुद्ध नमुना ९ सप्टेंबर १९६५ चा आहे. पिचर होते डॉजर्सचा सँडी कोफॅक्स विरुद्ध कब्जचा बॉब हेंडली. पाचव्या इनिंगला लू जॉन्सन चालत गेला. पुढच्याने बंट करून, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू जमिनीवर मारून, स्वतः आऊट होत त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. मग त्याने तिसरा बेस चोरला, कॅचरचा थ्रो भरकटला आणि तो घरी. धाव झाली, फटका एकही नाही! सामन्यातला एकमेव फटका जॉन्सननेच सातव्या इनिंगला मारला, आणि त्यावर काहीच झालं नाही. पलीकडे कोफॅक्सने सत्तावीस आले, सत्तावीस पाठवले. त्यातले चौदा स्ट्राइकआऊट. हेंडलीने आठ इनिंगमध्ये एक फटका दिला आणि तो हरला.

कोण किती पुढे उभं आहे

प्रत्येक बॅटरआधी एकदा सगळ्या मैदानावरून नजर फिरवायची सवय लावा. तिसऱ्या बेसवर माणूस, दोनपेक्षा कमी आऊट, आणि आतले चौघे गवताच्या कडेपर्यंत पुढे आले, तर मॅनेजरने ठरवलंय की ही एक धाव द्यायची नाही. जमिनीवर चेंडू आला की थेट प्लेटवर फेकायचा. बदल्यात ते एक धोका घेतात: जवळ उभ्या माणसाच्या बाजूने चेंडू सहज निसटतो. दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगमध्ये असं क्वचित करतात, कारण अजून बराच खेळ बाकी असतो. ते जितक्या लवकर पुढे येतात तितका त्यांना आपल्या बॅटरांवर विश्वास कमी. हे कुणी पाटीवर लिहीत नाही.

उलट, एका धावेची आघाडी असताना शेवटच्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होम प्लेटपासून तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या कडेच्या रेषेला चिकटून उभा राहिला, तर त्याला दोन बेसचा फटका रोखायचाय. मधून एक बेसचा गेला तर जाऊ दे.

बंट करावा की नाही यावर मी वाद घालत नाही. हल्ली संघांमधले आकडेवाले लोक म्हणतात की आऊट ही सगळ्यात महाग वस्तू, ती दान करू नये, आणि बहुतेक सामन्यांत ते बरोबरच असतात. पण एकच धाव हवी आहे आणि एकही आऊट न होता माणूस दुसऱ्या बेसवर आहे, तेव्हा त्याला तिसऱ्यावर सरकवलेलं मला आवडतं. मग साधा उंच झेलसुद्धा त्याला घरी आणतो, कारण झेल पकडल्यावर त्याला पळता येतं.

सरावाला एक जुना सामना

थेट मैदानावर जाण्याआधी घरी एक कार्ड भरून बघा. माझ्या मते त्यासाठी २७ ऑक्टोबर १९९१ चा मिनियापोलिसचा सामना घ्यावा: वर्ल्ड सिरीजचा सातवा, ट्विन्स विरुद्ध ब्रेव्ज. पिचर ट्विन्सचा जॅक मॉरिस आणि ब्रेव्जचा जॉन स्मोल्ट्झ. सात इनिंग ०–०.

आठव्या इनिंगला पेन्सिलीला टोक करून ठेवा. ब्रेव्जचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर. टेरी पेंडलटनने डाव्या-मधल्या मोकळ्या जागेत लांब फटका मारला. स्मिथ आधीच पळत सुटला होता, पण चेंडू कुठे गेला ते त्याने पाहिलं नव्हतं. ट्विन्सचा दुसऱ्या बेसवरचा चक नॉब्लॉक वाकला आणि नसलेला चेंडू उचलून फेकल्याचं सोंग केलं. स्मिथ दुसऱ्या बेसपाशी घोटाळला. आरामात घरी यायचा तो तिसऱ्या बेसवर अडकला. कार्डावर हे सोंग लिहायला खूणच नाही. मी समासात 'फसला' लिहिलं.

आता बघा, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, एकही आऊट नाही. इथून बहुतेक वेळा एक तरी धाव होतेच. रॉन गँटचा चेंडू जमिनीवरून पहिल्या बेसवाल्याकडे. तो आऊट, बाकीचे जागच्या जागी. डेव्हिड जस्टिसला मुद्दाम चालत पाठवलं, म्हणजे सगळे बेस भरले. हे वेडेपणाचं वाटतं, पण आता चेंडू हातात घेऊन कुठल्याही बेसवर नुसता पाय टेकवून माणूस बाद करता येतो. मग सिड ब्रीमचा चेंडू पुन्हा पहिल्या बेसवाल्याकडे: घरी, आणि परत पहिल्या बेसवर. ३-२-३. शून्य.

तिसऱ्या आऊटनंतर थांबा आणि दुसरं पान उलगडा, कारण त्याच इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे घरच्या संघाच्या पाळीत, ट्विन्सनीही एक आऊट असताना सगळे बेस भरले. केंट हर्बेकचा हवेतला हलका चेंडू दुसऱ्या बेसवाल्या मार्क लेम्कीने पकडला, बेस सोडून पुढे सरकलेला माणूस परतायच्या आत बेसवर पाय ठेवला, दोघे बाद. पुन्हा शून्य. आठव्या स्तंभात दोन्ही पानांवर शून्य, आणि दोन्ही शून्यांच्या आत कागद काळा झालेला.

मॉरिस दहावी इनिंगही टाकून गेला. दहाव्याच्या खालच्या अर्ध्यात डॅन ग्लॅडनने बॅट मोडून उडालेल्या चेंडूवर दोन बेस पळून काढले. त्याने पहिल्या बेसवर थांबायचं ठरवलं असतं तर कुणी बोल लावला नसता. नॉब्लॉकने बंट करून त्याला तिसऱ्यावर नेलं. पुढच्या दोघांना मुद्दाम चालत पाठवलं. बाहेरचे खेळाडूही पुढे ओढलेले, कारण लांबचा झेल घेऊन उपयोगच नव्हता. बदली बॅटर जीन लार्किनने पहिलाच चेंडू त्यांच्या डोक्यावरून मारला. १–०. एरवी तो साधा झेल ठरला असता.

पिचर बदलणं

यावर फार लिहीत नाही, कारण टीव्हीवर याच्यावरच सगळे बोलत असतात. तुमच्या टिंबा-रेघांची बेरीज नव्वदच्या पुढे गेली किंवा पिचर तेच बॅटर तिसऱ्यांदा बघायला लागला की बुलपेनकडे, म्हणजे बदली पिचर तयारी करतात त्या जागेकडे, नजर ठेवा. एक उठला की समजायचं धोरण आहे. दोघे, एक डावखुरा आणि एक उजवा, उठले की समजायचं मॅनेजर घाबरलाय. २०२० पासून आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं, त्यामुळे कुठल्या तिघांसमोर त्याला आणलं ते कार्डावर बघून ठेवा. २ जुलै १९६३ ला वॉरन स्पॅन, वय ४२, आणि हुआन मारिशाल हे दोघेच सोळाव्या इनिंगपर्यंत टाकत राहिले आणि विली मेजच्या होमरनवर १–० झालं. असं आता पुन्हा दिसणार नाही. एका पिचरला पुरणाऱ्या चौकोनात हल्ली मला पाच नावं कोंबावी लागतात.

नऊनंतर

साखळी सामन्यांमध्ये २०२० पासून दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक माणूस आयताच उभा करतात. मला तो आवडत नाही. कष्टाशिवायची नोंद आहे ती. त्याची धाव झाली तरी पिचरच्या खात्यावर ती कमावलेली म्हणून लागत नाही, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही थोडी लाज आहेच. मी तो तुटक रेघेने काढते. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या फेऱ्यांत, हा प्रकार नाही, म्हणून तर १५ ऑक्टोबर २०२२ ला सिॲटलमध्ये ॲस्ट्रोज आणि मरिनर्स सतरा इनिंग ०–० खेळले आणि अठराव्याला जेरेमी पेन्याच्या होमरनने तिढा सुटला. जास्तीचं कार्ड पिशवीत असू द्या.

ताळा

शेवटचा आऊट झाला की लगेच उठू नका. ताळा करा. एका संघाचे जितके बॅटर येऊन गेले, तितकीच बेरीज त्यांच्या धावा, बेसवर राहून गेलेली माणसं आणि झालेले आऊट यांची यायला हवी. कोफॅक्सच्या सामन्यात कब्ज: ० धावा, ० राहिले, २७ आऊट, बॅटर सत्तावीस. डॉजर्स जिंकले म्हणून नवव्याचा खालचा अर्धा खेळलेच नाहीत: १ धाव, १ राहिला, २४ आऊट, हेंडलीसमोर आलेले बॅटर सव्वीस. जमलं.

माझ्या त्या दिवसाच्या कार्डावर पाहुण्यांच्या पानाचा ताळा असा होता: ० धावा, ५ राहिले, २७ आऊट, एकूण ३२. चौकोन मोजले, ३२. चोख जमला. म्हणून तर मी निवांत दहाव्या इनिंगची वाट बघत होते.

माझ्या मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ शाईच्या पेनाने कार्ड भरत होते. मी हललेच नाही म्हणून त्यांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. मग त्यांचं कार्ड पुढे धरलं. सहावी इनिंग: पहिल्या क्रमांकाचा चालत गेला, दुसऱ्याने बंट केला, पहिल्याने तिसरा बेस चोरला, तिसऱ्याच्या उंच झेलावर तो घरी आला, चौथा स्ट्राइकआऊट. चार चौकोन. माझ्याकडे तीन. त्यांचा ताळा १ अधिक ५ अधिक २७, तेहतीस.

आणि माझं कार्ड मला सांगत होतं! सातव्या इनिंगला माझ्या हिशोबाने चौथ्या क्रमांकाचा दांडगा गडी यायला हवा होता; आला पाचवा. चौथ्याला काही लागलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. नवव्याला तोच गडी धडधाकट येऊन उभा राहिला, तरी मी तसंच पुढे लिहीत गेले. बॅटरचा क्रम एका घराने चुकला तर थांबायचं, शेजाऱ्याला उठवायचं, पाटी बघायची. लाजायचं नाही.

त्या गृहस्थांनी विचारलं, ते चार चौकोन भरून देऊ का. मी खोडरबराने माझे तिन्ही आऊट पुसले आणि कार्ड त्यांच्याकडे दिलं. सहाव्या स्तंभात त्यांच्या निळ्या शाईचा 'के' आहे, सुबक, मोठा. आमच्या यांनी टोपी वर करून विचारलं, "संपलं? कोण जिंकलं?"